बारदान

पहाटे पाचला मोंढ्यात कुणी नसतं.
तुरीच्या थप्पीवर एक मांजर, आणि काट्यापाशी आम्ही सहा जण,
सायकली भिंतीला टेकवून.
खंडेराव मापाडी कान खाजवत म्हणाला,
"एकेक चढा. दणका देऊ नका, काटा नवा हाय."

संगमेश ब्याण्णव. आडत त्याचीच, म्हणून वजन फुकट.
मुर्तुजा सर एकोणसत्तर, शाळेच्या किल्ल्यांसकट.
रत्नमाला म्हणाली, माझं मोठ्यानं वाचू नका,
आणि खंडेरावनं सवयीनं मोठ्यानंच वाचलं.
मग मन्मथ, उमाकांत, मी.
सगळे मिळून चार क्विंटल ब्याऐंशी.

"बारदान किती धरू?" त्यानं विचारलं.
पोत्यामागं किलोभर धरतात, तूर असो का सोयाबीन.
आम्ही हसलो,
पण जरा उशिरा.

उदगीर ते हंपी. पाच दिवस, रोजचे ऐंशी किलोमीटर.
दहावीत हंपीची सहल ठरली होती,
पासष्ट रुपये भरले होते प्रत्येकानं,
आणि आदल्या दिवशी गुरुजींनी फळ्यावर लिहिलं, रद्द.
कारण लिहिलं नाही.
पैसे परत मिळाले. मी त्यातून कंपासपेटी घेतली,
मन्मथनं घरी सांगितलंच नाही, भजी खाल्ली आठवडाभर.
तोच मन्मथ आता छातीत दोन स्टेंट घेऊन फिरतो.
डॉक्टर म्हणाले, चालवा, पण सपाट रस्त्यावर.
तो म्हणाला, कुठून कुठवर आहे तो, पत्ता द्या.

पहिल्या रविवारी बनशेळकीपर्यंत जाऊन आलो,
दुसऱ्या रविवारी नळेगाव.
तिथला चहावाला कप विसळत म्हणाला,
"पेट्रोल लई महाग झालंय का सर?"
शाळेच्या भिंतीवरून एक पोरगं ओरडलं,
"म्हातारे रेस खेळायलेत रे!"
मुर्तुजा सरांनी सवयीनं त्याचं नाव विचारलं.

बुडाखाली गादी असलेल्या चड्ड्या पार्सलनं आल्या.
उमाकांतनं ती घालून आरशासमोर उभं राहायचं टाळलं,
त्याच्या नातवानं फोटो काढलाच.
रत्नमालाला गिअर कळेनात. ती शिकली होती
वडिलांच्या काळ्या सायकलवर, दांडीखालून पाय घालून,
हाप पायडल, दवाखान्याच्या उतारावर,
आणि अजून उतार आला की
तिचा उजवा पाय आधी खाली बघतो.

खाजाभाईच्या दुकानात आम्ही पंक्चर काढायला शिकलो.
घमेल्यात पाणी. त्यात ट्यूब, थोडी थोडी फिरवत.
"कान लावू नका," खाजाभाई म्हणाले, "बुडबुडा बघा.
हवा कुठून चालली ते पाणी सांगतं."
मी तास दीड तास ते घमेलं बघत होतो,
सगळ्यांच्या ट्यूबा झाल्यावरही.

बायकोनं गुडघ्याला एरंडाचं पान बांधलं,
आणि बीपीच्या गोळ्या पाच पुड्यांत,
वार लिहून.
मी विचारलं, सहावी?
ती म्हणाली, परत यायचं बसनं आहे ना, बसमध्ये कशाला.

निघायच्या दिवशी पुन्हा मोंढा, पुन्हा काटा.
या वेळी बॅगाही वेगळ्या मोजल्या.
संगमेशच्या बॅगेतून त्याच्याच गोडाऊनचं कुलूप निघालं,
कसं आलं त्यालाही सांगता येईना.
आमची बेरीज चार क्विंटल एक्काहत्तर.
"अकरा किलो गेले कुठं?" उमाकांत.
"घट," खंडेराव म्हणाला. "माल वाळला की घट येतीच."

मग त्यानं वही मिटली, चप्पल काढली,
आणि कुणाला काही न विचारता
स्वतः काट्यावर चढला.
तीस वर्षं, म्हणाला, कधी बघितलंच नाही.
आकडे थरथरले, थांबले.
तो खाली बघेना. आम्हाला वाचवेना.

रत्नमाला पुढं झाली.
एकोणपन्नास, तिनं वाचलं,
हळू.