कूलर

अकोल्याहून ट्रक आला
तेव्हा सगळ्यात आधी उतरवला तो कूलर.
निळ्या पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्यांचा,
मोटर यांनी स्वतः बसवलेली,
वीज मंडळातून निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात.
देवबागेतली पोरं बघायला जमली.
इथली हवा आधीच ओली,
तिला आणखी काय भिजवणार,
हे तेव्हा कोणीच बोललं नाही.
चहा मात्र तीन घरांतून आला.

आता त्यात जयवंती मेथरची मांजर व्याते.

पाचवं वर्ष चाललंय.
डब्यातलं मीठ पाणी सोडतं, पापड मऊ पडतात,
कपाटाची किल्ली खोबरेल लावल्याशिवाय फिरत नाही.
एकीकडे खाडी, एकीकडे समुद्र,
मधल्या चिंचोळ्या पट्टीवर
स्कूबाच्या पाट्या, निवासाच्या पाट्या,
आणि आमची तुळस, जी तिसऱ्यांदा लावलीय.
हे सकाळी फिरायला जातात ते खाडीच्या बाजूनं.
म्हणतात, समुद्राले पलीकडचा काठच नाही,
पाहून पाहून डोळे दुखतात.

जयवंती टोपली उतरवते.
मी म्हणते, काटे कमी असलेला दे.
ती हसते, पुढच्या घरापर्यंत हसत जाते.
"काटो नाय तर मासो कसलो गे बाय!"

बुधवारी आम्ही बाहेरचे जमतो
बिराजदारांच्या गच्चीवर.
ते लातूरचे, आरवाडे सांगलीचे,
मोहोडबाई नागपूरच्या, एकट्या,
संत्राबर्फीचा डबा कुलपात ठेवणाऱ्या.
ज्वारी कोणाची संपली, कोणाची एसटीनं येतेय,
गॅसचा पत्ता बदलायला
मालवणात किती खेपा झाल्या,
आणि ही माणसं दुपारी दुकानं बंद ठेवतात
म्हणजे काय, धंदा करायचा की नाही?
(चार वाजेपर्यंत आम्हीही झोपलेलो असतो.
ते मोजत नाही.)

उर्स स्वित्झर्लंडचा, बिराजदारांचा भाडेकरू.
खाली रिक्षावाला जास्त पैसे मागू लागला
की आम्ही उर्सला पाठवतो.
तो चोख मालवणीत भांडून परत येतो
आणि बर्फीचा तुकडा मागतो.
दर सहा महिन्यांनी त्याला देश सोडावा लागतो.
"जातलंय, येतलंय," म्हणतो, पिशवी उचलतो.
आम्हाला जा म्हणून कोणी सांगत नाही.
पासपोर्टावर कुठेही शिक्का नाही आमच्या,
तरी पाचव्या वर्षीही दुकानदार
सुटे पैसे देताना विचारतो,
"मगे, कधी जातास गावाक?"

या मार्चात आरवाडे निघाले.
आठवड्याला दोनदा डायलिसिस, ते सांगलीतच.
ओसरीवर सामान मांडलं, चिठ्ठ्या लावून:
पलंग, मिक्सर, झोपाळ्याच्या कड्या,
दुर्बीण, जिच्यातून डॉल्फिन एकदाच दिसला
आणि तोही बहुधा बोटीचा टायर होता.
लोक आले, बसले, पाणी प्याले.
किमतीबद्दल घासाघीस नाही.
आरवाडे वहिनी आत भिंतीकडे तोंड करून
उगाच घड्या घातलेल्या चादरी पुन्हा घालत होत्या.

मी म्हटलं, "ही आडाळी कितीला?"

यांनी चमकून पाहिलं.
आमच्याकडे तिला विळी म्हणतात.
जयवंतीनं मान वर केली नाही,
ती पलंगाचे पाय ठोकून बघत होती.
पन्नास रुपये दिले. वर्तमानपत्रात गुंडाळून,
पातं आतल्या बाजूला धरून,
घरापर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही.

रात्री लेकीचा फोन.
अकोला बेचाळीसवर, आणि हा तर मार्च.
"तुमचं बरंय बाबा, समुद्रकाठी."
"हो, बरंय," हे म्हणाले.
मग बराच वेळ ओसरीवर खटपट.
पिल्लं कधीच मोठी होऊन गेली होती, आई तेवढी राहिलेली.
तिला उचललं, वायर जोडली,
टाकीत पाणी घातलं नाही, फक्त बटण.

घर्र घर्र.
पत्रा थरथरला, जुन्या वाळ्याचा
कोरडा भुसा ओसरीभर उडाला.
हे आत येऊन आडवे झाले आणि
कित्येक महिन्यांनी कूस न बदलता झोपले.
मी जागी होते. आवाजाआड
समुद्र होता की नव्हता, कळेना.

कुंपणापलीकडे दिवा लागला.
"गे बाय, ता काय वाजता?"
"कूलर."
"बंद कर तो.
मांजार माझ्या चुलीत घुसलां."