खुणेपर्यंत पाणी

रात्रशाळेची प्रयोगशाळा म्हणजे
दिवसाच्या शाळेचं कुलूप काढून मिळालेली खोली.
भांडुप, दुसरा मजला, तीन बेसिन, त्यातलं एक चालू.
फळ्यावर मी लिहितो : मीठ ५.८५ ग्रॅम,
द्रावण अर्धा लिटर. संहती काढा.

"सर, खायचंच मीठ ना?" तुषार भोपी मागून,
"मग ग्रॅम कशाला? चवीपुरतं लिहा."
वर्ग हसतो. मीही.

भाविका हसत नाही.
ती दिवसभर नर्सिंग होममध्ये
सिस्टरांच्या हाताखाली सलाईनच्या बाटल्या पोचवते.
वहीच्या कोपऱ्यात तिनं आधीच मांडलंय :
शंभराला शून्य पूर्णांक नऊ, म्हणजे लिटरला नऊ,
भागिले साडेअठ्ठावन्न,
०.१५४.
"एवढाच खारट असतो का सर माणूस?"

साधारण, मी म्हणतो.

मग फ्लास्क. इथे सगळे चुकतात, दर वर्षी.
पाचशे मिली पाणी मोजतात आणि त्यात मीठ टाकतात.
अरे, मिठालाही जागा लागते.
आधी थोडक्यात विरघळू दे त्याला,
मग भर, खुणेपर्यंत.
पाणी किती लागलं ते विचारायचं नाही.

भाविका वाकते, डोळा खुणेशी आणते
आणि वाकलेलीच बोलते :
"बाबा असेच बघायचे. हायवेपलीकडे, मिठागरात.
बोट बुडवून जिभेला लावायचे, म्हणायचे,
आज नाय, परवा.
परवाच बसायचं मीठ.
किती मोलर असेल हो ते?"

फळ्याच्या कडेला मी आकडे घालतो.
साडेपाचच्या जरा खाली.
परीक्षेत येणार नाही. ती उतरवून घेते.
"विचारते त्यांना, पटतं का."

साडेनऊ. जिन्यात शिपायाच्या किल्ल्या.
फ्लास्क बेसिनमध्ये उपडा होतो,
एक दशांश मोल मीठ
पाइपातून गटारात, नाल्यातून खाडीत.
आकारमान वाढत जाईल, संहती उतरत,
दशांशचिन्हापुढे शून्यं, आणखी शून्यं.
मोल तेवढेच.

प्रयोगशाळेत काहीही चाखू नये,
हा नियम मीच चिकटवलाय दारामागे, लाल शाईत.
भाविका ओलं बोट जिभेला लावते,
जरा थांबते, मान हलवते : नाय.

मी फळा पुसत राहतो.