ब्लोहोल

सीपीआरच्या खिडकीशी फिल्म उजेडाला धरून
डॉक्टरीण म्हणाली, "कृष्णात, हे बघा."
मनगटातल्या आठ खड्यांत एक चंद्रकोरीसारखा,
त्याच्या पोटात मुगाएवढी काळी पोकळी.

मी बघताक्षणी ओळखली.
शिरोलीत एकोणीस वर्षं हेच तर शोधतोय:
ओतीव लोखंडात कोंडून राहिलेली हवा.
दिसली की खडूनं फुली, जॉब परत भट्टीत.

"कशानं झालं?"
ग्राइंडरची थरथर असेल, म्हणाली.
सांध्यातलं पाणी बारीक चिरेतून झिरपलं असेल.
किंवा काहीच नसेल, कितीजणांना असते, कळतही नाही.
वाढली तर हाड पिचेल,
नाहीतर राहील नुसती.
दुखतंय ते हिच्यामुळंच का, तेही बघू.

दोन 'असेल' आणि एक 'नसेल' घेऊन
दसरा चौकात चहा घेतला, डाव्या हातानं.

आमच्याकडं असं चालत नाही, बाई.
आमच्याकडं कारण लिहावं लागतं:
वाळू ओली. रस थंड. ओतणाऱ्याची घाई.

रात्री मालन मनगटाला तेल चोळत होती.
विचारलं, खडू आहे का गं घरात?
म्हणाली, पोराच्या दप्तरात बघा.

उठलो नाही.