पाणी उद्या

हुतात्मा साडेसहाला सुटली.
परतीच्या रिक्षात आम्ही दोघंच,
आणि रिक्षा एवढी रुंद असते
हे मला नऊ दिवसांनी आठवलं.

घरात शिरले तर उंबऱ्यापाशी
एकच निळी स्लीपर, डाव्या पायाची.
उजवी पुण्याला गेली असेल, नाहीतर भिवंडीला,
कुणाचा फोन येईल तेव्हा कळेल.

खोटं कशाला बोलू,
पाचव्या दिवशी मी न्हाणीची कडी लावून
उपड्या बादलीवर नुसती बसले होते.
बाहेरून कुणी विचारत होतं, अव्वा, माझी टिकल्यांची डबी?
कुणी, दुसरा चहा झाला का?
मी मग उगाच फरशीवर आपटला,
वाटावं, अंघोळ चाललीय.
आणि मोजत होते: अजून चार दिवस. अजून चार.

आता मोजायला काय,
चिवड्याच्या डब्याच्या तळाशी डाळं आणि मीठ.
खोबऱ्याचे काप वेचून कुणी खाल्ले ते मला ठाऊक आहे.

कोपऱ्यात चादरींचा ढीग,
छातीपर्यंत येणारा,
सगळ्या आमच्याच मागावरच्या, एकाच मोराच्या.
धुवायच्यात. पण पाणी पाचव्या दिवशी,
म्हणजे उद्या,
म्हणजे आलं तर उद्या.

तोवर ढीग तसाच.
जवळून गेलं की भाग्यरेखाच्या केसांचं तेल,
जावयांचा बाम,
लवंगी फटाक्यांची दारू, आणि कुणीतरी
रात्री ओलं केलेलं, कुणी कबूल न केलेलं.
सहस्राने नऊ दिवसांत आमच्या भाषेतला
एकच शब्द उचलला: नीळ्ळु.
तहान लागली तरी नीळ्ळु,
सांडलं तरी नीळ्ळु,
आणि नळ कोरडा असला की त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन,
नीळ्ळु, नीळ्ळु, जसं कुत्र्याच्या पिल्लाला बोलवावं.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री श्रीशैल म्हणाला,
चकली मोडता मोडता, अगदी सहज,
"नाना, लूम विकून टाका आता.
भंगारातसुद्धा बरा भाव येतो."
हे काही बोलले नाहीत.
उठून समईत तेल घातलं.
समई भरलेलीच होती.

माग अजून बंद. कामगार गावाकडून यायचेत.
लग्न होऊन आले तेव्हापासून
मी त्या खटखटीवर झोपत आले,
नऊ दिवस पोरांच्या कालव्यावर.
काल रात्री दोन्ही नव्हतं.
घड्याळाचा काटा सरकताना ऐकू येत होता,
आणि मला आधी वाटलं, उंदीर आहे.
हे म्हणाले, "झोप."
म्हणजे हेही जागेच होते.

पावणेचारला नळ खोकला.
राजमणीने भिंतीपलीकडून हाक दिली,
"आलं की गं! काय करलालीस अजून?"
आधी पिंप, मग घागरी, मग पातेली,
मग कुकरसुद्धा भरला, सवयीने अकरा माणसांचा.
मग चादरी.

निम्म्या झाल्यावर हात अडला.
दोन चादरी टोकाला टोक बांधलेल्या.
पोरांचा तंबू होता,
पलंगाच्या दांडीपासून खिडकीच्या गजापर्यंत,
आत टॉर्च, आत शेंगांची टरफलं,
आत जायला मोठ्यांना मनाई.
गाठ भिजून बसलेली. ओढावी तितकी घट्ट.

यांना दाखवली.
तुटलेला धागा अंधारातही
दोन पेरांत जोडणारा हा माणूस
मोरीपाशी उकिडवा बसून गाठीकडे बघत राहिला.
नख लावून पाहिलं. दात लावून पाहिले.
"ही आपली गाठ नव्हं," म्हणाले,
"हिला शिकवली कुणी?"
आणि हसले.
आख्ख्या दिवाळीत मी तेवढंच पाहिलं.

कात्री आणू का, मी विचारलं.
माझ्याकडे असं बघितलं की मी विषय सोडला.

गच्चीवर दोन्ही तशाच टाकल्या,
दोन दोऱ्यांवर, मधे गाठ लोंबती.
खाली मागाच्या खोलीचं कुलूप निघाल्याचा आवाज.
कामगार नाहीत, सूत नाही,
हे नुसतेच आत जाऊन फडक्याने पुसत असणार.

बारा वाजेपर्यंत चादरी कडक वाळल्या.
गाठ दाबून बघितली,
आत अजून ओल होती.
खाली फोन वाजत होता.
स्लीपरचा असेल.