चाखणारी

दुधनेच्या काठी, लोणगावात
एकच टेकडी आहे
आणि ती टेकडी नाही.
धुऊन टाकलेल्या मातीचा ढीग आहे तो,
चार पिढ्यांनी पाटीपाटीनं रचलेला.
आता वर मोबाइलचा टॉवर,
उतारावर पोरं फाटक्या पोत्यावर बसून घसरतात.

पौषात पहाटे काठाची जमीन पांढरी व्हायची.
दहिवर नव्हे, लोणा.
ऊन चढायच्या आत खरवडायचा,
खापराच्या तुकड्यानं, हलक्या हातानं.
खोल गेलं तर चिखल,
वरवर राहिलं तर दिवस वाया.
मग रांजणात गवताचा थर, त्यावर ती माती,
वरून नदीचंच पाणी.
बुडाच्या भोकातून ठिबकायचं
त्यात कोंबडीचं अंडं सोडायचे.
तरंगलं तर कढईत,
बुडालं तर परत रांजणात.
चुलीला पऱ्हाट्या, तुराट्या, जे मिळेल ते.

करोडगिरीच्या जुन्या वहीवर,
अर्धी उर्दू, अर्धी मोडी,
रमजान मास्तरांनी बोट ठेवून वाचून दाखवलं:
हैबती वल्द खंडू लोणारी, कढया चार.
सटवा वल्द हैबती, कढया दोन, पैकी एक फुटकी.
आणि पानाच्या तळाशी, शाई उडालेली,
रुकमा, बेवा गणू, चाखणारी.
रोज दोन पैसे, हाली.

कोणत्या तुकड्यातली माती उचलायची
ते ती जिभेनं सांगायची.
गोडा खार, कडू खार,
आणि सोरा लागला की थुंकायची;
तो तुकडा दारूगोळावाल्यांचा.
उन्हाळ्यात म्हणे तिची जीभ चिरायची,
तेव्हा पोराला पुढं करायची,
आणि त्याचं तोंड बघून ओळखायची.

ते पोर माझा पणजोबा.
रुकमाचा फोटो नाही. वहीत जीभ आहे.

लमाण यायचे बैलांवर जवस, हरभरा लादून
आणि मीठ भरून जायचे.
उधारी चालायची.
मिठाची उधारी कोण बुडवील?

मग परभणीला रेल्वे आली,
आणि वाघिणीतून समुद्र.
पांढरं, कोरडं, निम्म्या भावात.
आमचं राखाडी, दाताखाली कचकच.
पहिल्या वर्षी लोक म्हणाले, याला चवच नाही.
दुसऱ्या वर्षी म्हणाले, होती सवय.
तिसऱ्या वर्षी खुद्द हैबतीच्या घरात
लोणच्याच्या बरणीला टेशनाचं मीठ.
तो काही बोलला नाही.
खाल्ल्या मिठाला जागायचं,
पण कोणत्या?

कढया मोडीत निघाल्या.
कुणी चुन्याच्या भट्टीवर गेलं, कुणी गवंड्याच्या हाताखाली.
रुकमाची नोंद पुढच्या वहीत नाही.
काठाच्या जमिनीवर सातबाऱ्यात शेरा पडला:
पोटखराब.

पुढं कालवा आला, ऊस आला,
पाणी मुरलं, साचलं,
आणि वीस-बावीस वर्षांनी
उसाच्या बुडख्यांमधून
लोणा पुन्हा वर आला, न बोलावता.
आता खरवडणारं कोणी नाही.
लोक त्याला रोग म्हणतात.

मी परभणीत माती तपासते.
पिशव्या येतात, आत चिठ्ठी, बाहेर रबर.
परवा एक आली:
लोणगाव, गट नंबर सत्त्याऐंशी, नदीकाठ.
यंत्रात आकडा साडेचार.
मी लिहिलं: चर खणावेत, जिप्सम घालावा, ताग गाडावा.
सही केली, शिक्का मारला.

जेवणाच्या सुट्टीत, कोणी नसताना,
त्यातली चिमूटभर जिभेवर ठेवली.
डोळे मिटले.
गोडा? कडू?
मला नुसती माती लागली.

चूळ भरून डबा उघडला.
नाझनीननं माझ्या भाजीत घास बुडवला,
तोंड वाकडं केलं,
म्हणाली, आज मीठ दुप्पट पडलंय गं.

मी निम्मा डबा संपवला होता.