उरलेली पानं

गेल्या वर्षीच्या डायरीत अकरा पानं कोरी निघाली.
रत्नमालानं तीच फाडली, म्हणाली, "पुरतात बाप्पा."
मार्चातली दुपार, सक्करदऱ्याची खोली,
पंखा दोनवर.

गहू एक क्विंटल, कळमन्याहून,
खापर्डेबाईंसोबत अर्धा टेम्पो.
तूर अख्खीच घ्यायची. भरडून आणली
की चुरीचं वरण आठ दिवस जातं,
टरफल दूधवाल्याच्या म्हशीला,
त्याचं तो पाहील दुधात.
लग्नं सात दिसतात, पैकी दोघांकडं जायचं नाही.
तेरवी आली तर ऐनवेळी.

कूलरला नवी वाळ्याची ताटी नाही,
जुनीच धुऊन उलटी लावू.
"मे महिन्यात?" मी विचारलं.
"ऊन काय उलटी बाजू पाहून येते?"

पोरीची फी तिनं दोनदा मांडली,
एकदा शाळेची,
एकदा शाळा वाढवेल त्याची.
मी पेट्रोलच्या ओळीत सापडलो.
गुरुवारचे तर्री-पोहे खोडले नाहीत,
पुढं फक्त लिहिलं: एक प्लेट, दोन चमचे.

बेरीज तीनदा झाली, तिन्हीदा वेगळी.
तिच्या नावाची ओळ मात्र कुठंच नव्हती.
विचारलं तर पेन्सिल कानावर खोचत म्हणाली,
"मी किराण्यातच आहो ना."

रात्री ती झोपल्यावर पान काढून
ऑगस्टच्या खाली बारीक लिहिलं, चष्मा.
आकडा टाकायची हिंमत झाली नाही.

सकाळी पाहतो तर शेजारी
तिचं तिरपं अक्षर:
तुमचा का माझा?