चौघांचा बँड

कामठीच्या वीटभट्टीवर गाढव होतं झिंगू.
गुडघे गेले, पाठ वाकली. मालक म्हणाला, "निघ तू!"

निघालं ते नागपूरकडे. मे महिन्याचं ऊन,
डांबरसुद्धा मऊ झालेलं, खूर निघाले भाजून.
"बँडमध्ये मी ढोल वाजवीन," मनात म्हणे ते,
"इतवारीत लग्नं फार, काम तर मिळते!"

वाटेत भेटला कुत्रा भुऱ्या, दात उरले दोन.
"चोर हसतात मला बे, मला ठेवते कोण?"
पुढे मांजर रेशमाबाई, दिसे तिला धूसर.
उंदीर समजून पकडायची धन्याचाच मफलर!
इंदोऱ्याला तुर्रेखान, कोंबडा मोठा मानी,
पहाटेला झोपून राही, आरवे भर दुपारी.

चौघे मिळून गायले. बँडमास्तर दचकला.
"बादली पडली का विहिरीत?"
म्हणाला, आणि दार लावून टाकलं.

रात्र झाली. पोह्यांच्या दुकानात एक दिवा होता.
रत्नमाला बोकडे चणे भिजवत बसल्या होत्या.
"गाता येते काय रे?"
"नाही."
"काम येते?"
"थोडंसंच."
"भूक लागली काय?"
यावर मात्र चौघे असे ओरडले,
की शेजारच्या पत्र्यावरून कबुतरं उडाली.
"मग आत या ना! उभे काहून?"

आत होता एकच कूलर, तोही खूप उंच.
गाढवावर कुत्रा, त्यावर मांजर, वर कोंबड्याची चोच.
वारा लागला, झोप लागली, मनोरा घोरू लागला.

अडीच वाजता तीन चोर आले,
पितळी गंज हवा होता त्यांना.
आणि तुर्रेखानला वाटलं, दुपार झाली!

कुकूच्कू! होंची! भू भू! म्यँऊ!
चार डोकी, एक अंग!
दोन चोर पळाले गांधीबागेपर्यंत.
तिसरा होता पोट्टा लहान, चप्पल तुटली, तिथेच बसला,
मुसमुसत, नाक पुसत.

रत्नमालाबाई उठल्या, दिवा लावला,
पोट्ट्याकडे पाहिलं जरा.
"भूक लागली काय?"

सकाळी तर्रीपोह्याच्या
पाच प्लेटा जास्त लागल्या.

अजूनही त्यांना सूर नाही. अगदी म्हणजे अगदी नाही.
गिऱ्हाइकं विचारतात, "बाई, हा काय गोंधळ?"
"आमच्या घरचा बँड आहे,"
बाई सांगतात, आणि वर थोडे चणे जास्त घालतात.

कोंबडा आरवला की पोट्टा म्हणतो,
"चला, बारा वाजले. जेवायला बसा."